आत्याबाईंचा वाल आणि माझा फोकस

मी नांदेडची, आणि तीसुद्धा रेल्वे क्वार्टरमधली. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत हिरवी म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे खिडकी. तिला वडील दर दिवाळीला स्वतः रंग देत. भाजी मंडईत उगवते आणि पिशवीत वाढते, अशी माझी साधारण समजूत होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे घडलं त्यात चूक कुणाची हे शोधत बसायला नको. माझीच.

लग्न होऊन औसा तालुक्यात आले तेव्हा भूकंपाला दोन पावसाळे उलटले होते. सासरचं गाव पडलेलं होतं, नवं गाव अजून आखणीतच होतं आणि मधल्या काळात सगळी माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. एकसारख्या शेडांच्या लांबच लांब रांगा. वऱ्हाड टेम्पोतून उतरलं आणि माझ्या आईनं तोंडाला पदर लावला. मी मात्र बघतच राहिले. कारण त्या सगळ्या रांगेत एकच शेड असं होतं की त्याचा पत्रा दिसत नव्हता. वरून खालपर्यंत वेल, जांभळे देठ आणि आभाळाकडे उभे राहिलेले जांभळ्या फुलांचे तुरे. नवऱ्याचं तोंड नीट बघायच्या आधी मी ती फुलं बघितली. आमचे हे अजून त्यावरून टोमणा मारतात, आणि मीही अजून नाकारत नाही.

ते शेड आत्याबाईंचं. म्हणजे माझ्या सासूबाईंचं. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. वेलाची गोष्ट त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितली, भाकरी थापता थापता. भूकंपानंतर मदतीच्या गाड्या येत. कपडे, बिस्किटं, धान्य. एका गाडीत कुठल्या तरी लांबच्या मुलखातले वाल आले. त्या मुलखात ते मोड आणून, सोलून खातात म्हणे. पण हे इथं कुणाला ठाऊक? बायकांनी ते सालासकट शिजवले. इतके कडू निघाले की शेळ्यांनीही तोंड फिरवलं. आत्याबाईंनी आपल्या वाट्याचे वाल सुपात घेऊन पाखडले, तर त्यात पाच-सहा बिया निराळ्याच. काळ्याभोर, आणि कडेला पांढरी रेघ. त्यांनी त्या पत्र्याच्या कडेनं टोचल्या.

"का बरं?" मी विचारलं.

"पत्रा तापायचा लई. म्हनलं, त्याच्या अंगावर कायतरी पांघरूण घालावं."

वेल चढला, फुलला आणि त्याला शेंगा लागल्या. कोवळ्या शेंगांची भाजी कडू नव्हती, गोड होती. त्या दिवशी, आत्याबाई सांगत, शेडमध्ये आल्यापासून पहिल्यांदा त्यांना आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे आहोत असं वाटलं नाही. त्यांचा एक कायदाच होऊन बसला तेव्हापासून. जिथं वाल लागला, तिथं माणूस लागला. नव्या गावात घर मिळालं तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर किल्ली हातात दिली. आत्याबाईंनी किल्ली कनवटीला लावली, दारात बिया टोचल्या आणि शेडमध्ये परत येऊन बसल्या. शेंगांची भाजी झाली तेव्हाच सामान हललं. सगळं गाव राहायला गेलं तरी आम्ही चार महिने शेडातच होतो. नव्या नवरीला हे कौतुकाचं वाटलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मराठवाड्यातला पत्रा उन्हात बघितलेला नाही.

पुढं ह्यांना लातूरला एका कॉलेजात कारकुनाची नोकरी लागली. आम्ही दोन खोल्या बांधल्या. मग लातूरचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. डाळ मिलचा भोंगा ऐकून उठणारं गाव क्लासच्या घंटेवर उठायला लागलं. आमच्या गल्लीत आधी माणसं राहत, नंतर मुली राहायला लागल्या. कुणी परभणीची, कुणी हदगावची, कुणी देगलूरची, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. शेजाऱ्यांनी वर मजला काढला, म्हणून आम्ही काढला. त्यांनी दुसरा काढला, म्हणून आम्हीही. आमचे हे म्हणायचे, "लातुरात घर बांधायचं तर जिना आधी बांधावा. घर काय, त्याला मागून चिकटत जातं." अशी मी मुलींच्या होस्टेलची काकू झाले.

आत्याबाई गावीच राहिल्या. मामंजी गेल्यावरही राहिल्या. मग एका उन्हाळ्यात त्या अंगणात पाय घसरून पडल्या आणि शेजारीण ताक मागायला येईपर्यंत, म्हणजे सकाळपासून ऊन डोक्यावर येईस्तोवर, तशाच पडून राहिल्या. हाड मोडलं नव्हतं. पण ह्यांनी जीप केली आणि त्यांना लातूरला घेऊन आले.

त्यांनी दारातच सांगितलं, "मी स्लॅबखाली पाठ टेकनार न्हाई."

गावातलं नवं घरही स्लॅबचंच होतं, पण तिथं त्या अंगणात पत्र्याखाली झोपत. इथं अंगण कुठलं? जिथं अंगण होतं तिथं जिना होता. शेवटी गच्चीवर पत्र्याची खोली करायचं ठरलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वेल्डिंगचं दुकान आहे. तिथल्या चाचांनी आमच्या घराची पहिली खिडकी केली आणि शेवटचा कठडाही. ते माप घ्यायला आले.

"अम्मा, दरवाजा किधर रखू?"

"दाराचं मागून बघू," आत्याबाई म्हणाल्या. "आधी वेलाला तारा कुठून बांधशील ते सांग."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

निळा ड्रम मधोमध कापून दोन कुंड्या केल्या. गावाहून माती आली, शेणखत आलं आणि आत्याबाईंच्या पदराच्या गाठीतून काळ्या बिया आल्या. मृगात टोचल्या. चाचांनी पत्र्यावर तारांची जाळी ओढून दिली. आणि त्याच आठवड्यात, ह्या सगळ्याशी काहीही संबंध नसताना, मी एक कर्तबगारी केली. गच्चीवर फोकस बसवला.

त्याचं असं होतं की लातुरात मुलगी ठेवायला आलेला बाप खोली बघत नाही, संडास बघत नाही. तो विचारतो, "अभ्यासाला जागा?" ज्या घरात दिवा आधी विझतो, त्या घरात मुलगी ठेवत नाहीत. शेजारच्या होस्टेलनं अभ्यासिका काढली होती. आमच्याकडं गच्ची होती. मी जिन्याच्या टोपीवर, म्हणजे जिन्यावरच्या छोट्या स्लॅबवर, सगळ्यात मोठा मिळाला तो फोकस लावला, खाली सतरंज्या टाकल्या आणि पत्रकावर छापून घेतलं, 'मोकळ्या हवेत अभ्यासाची सोय, रात्रभर प्रकाश.' तो लागला की चार गल्ल्या सोडून पलीकडच्या लिंबाची पानं मोजता येत. मला त्याचा इतका अभिमान होता की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दिवसासुद्धा लावून दाखवत असे.

वेल वाढला. काय वाढला म्हणून सांगू! श्रावणात त्यानं पत्रा झाकला, भादव्यात तो टाकीच्या लोखंडी पायांवर चढला. पानं तळहाताएवढी. मुली त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढायला लागल्या. मी माहेरी फोन करून सांगितलं की मला शेती जमते.

दसरा आला, फुलं नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, येतील. दिवाळी आली, गेली. गावाकडं त्याच बियांचे वेल जांभळे झाले होते. पुतण्यानं फोटो पाठवला तो मी आत्याबाईंना दाखवला नाही, तर त्यानं त्यांच्याच फोनवर पाठवला. आमच्या वेलाला नुसतीच पानं.

 आत्याबाई दिवसभर पेंगुळलेल्या दिसायच्या. डोळे लाल, जेवण कमी. पुन्हा पुन्हा पदर तोंडावर ओढून पडायच्या. ह्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मायच्या मनातनं भूकंप गेला न्हाई बघ अजून." मीही मान हलवली. आमच्याकडं तेव्हापासून ही एक सोय झालेली आहे. कुणाला झोप येईना, कुणाला जेवण जाईना, कुणी उगाच भांडलं, कारण एकच. दुसरं कारण शोधायची तसदी कुणी घेत नाही. डॉक्टरांनाही आम्ही तेच सांगितलं. त्यांनीही मान हलवली आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. आत्याबाईंनी त्या ड्रममधल्या मातीत पुरल्या, हे मला नंतर खुरपताना कळलं.

कार्तिकात एक दिवस गच्चीवर गेले तर आत्याबाई बोचकं बांधत होत्या.

"कुठं निघालात?"

"आताच न्हाई. बांधून ठेवायली." गाठ मारून त्या बोचक्यावरच बसल्या. "हे बघ पोरी, राग नको मानू. जागा मानवली न्हाई. वेलाला न्हाई मानवली, मला कशी मानवंल? भोगीपत्तर वाट बघते. भोगीच्या भाजीला ह्या वेलाची शेंग पडली तर हाय मी. न्हाई तर संक्रांतीचा तीळगूळ गावाकडं खाईन."

"आणि पुन्हा पडलात तर?"

"तर पडंन. आपल्या अंगणात पडंन."

सासू गावी जाते म्हटल्यावर सुनेला वाईट वाटतं, असं लिहिलं तर वाचणारणी हसतील. हसा. पण मी तेव्हा जिन्यात येऊन बसले आणि मला त्या अंगणातल्या सकाळीशिवाय दुसरं काही दिसेना. शेजारणीला त्या दिवशी ताक लागलं नसतं तर? मी ठरवलं. ह्या वेलाला भोगीच्या आत शेंग लागणार. कशी, ते माहीत नव्हतं. पण मी नांदेडची आहे. माहीत नसलं म्हणून आम्ही थांबत नाही.

आधी खत वाढवलं. पानं आणखी मोठी झाली. मग कुणीतरी सांगितलं पाणी तोडा. तोडलं, पानं सुकली. घाबरून पुन्हा दिलं. कृषी सेवा केंद्रातून एक बाटली आणून फवारली. तिच्या वासानं मुलींनी दोन दिवस सतरंज्या खाली नेल्या. शेंडे खुडले. एका शेंड्याचे चार झाले.

शेवटी मी जुना उपाय काढला. न फळणाऱ्या झाडाला कोयत्याचा धाक दाखवायचा असतो. एकानं कोयता उगारून म्हणायचं, तोडतो. दुसऱ्यानं आडवं पडून म्हणायचं, राहू द्या, यंदा फळेल. मी ह्यांच्या हातात कोयता दिला.

"माझी ड्युटी हाय," हे म्हणाले.

"दोन मिनिटांचं काम आहे. रागानं म्हणा."

"तोडू का?" ह्यांनी विचारलं. कारकुनाचा आवाज. जणू अर्जावर सही राहिली आहे.

"विचारायचं नसतं, धमकी द्यायची असते."

"तोडतो हां, मी."

"नका हो, नका. गरीब आहे, यंदा फळेल," मी ड्रमला मिठी मारून म्हणाले. टाकीच्या सावलीला बसलेल्या मुलींनी पुस्तकांत तोंडं खुपसली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आत्याबाई पत्र्याच्या दारात बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "त्याचं काय न्हाई, पन माझा लेक कुनाला धमकी देऊ शकत न्हाई हे आज वेलालाबी कळालं."

वेल फळला नाही.

मग टाकीचा एक पाय गंजला म्हणून चाचा वेल्डिंगचं मशीन घेऊन आले. भिंत आणि टाकी यांच्या मधल्या बोळात शिरले आणि तिथून हाक आली, "भाभी, इथं तर लागलाय की."

मी आडवी होऊन त्या बोळात शिरले. आडवी म्हणजे कशी, ते माझी जाडी माहीत असणारेच समजू शकतील. तिथं टाकीच्या मागं, वेलाची एक फांदी खाली लोंबत होती. तिला तुरा होता. लहानसा, पण जांभळा.

"इथंच का?" मी विचारलं.

चाचांनी हेल्मेटची काच वर केली आणि गच्चीवर नजर फिरवली. फोकसपाशी ती थांबली. "ये रातभर जलता?"

"रात्रभर. पत्रकावर छापलंय."

"फिर क्या. सोने दो ना उसको." मग मला समजावं म्हणून मराठीत आले. "आमच्या दुकानावर सेमचा, म्हणजे ह्या वालाचाच, वेल आहे, बघितला असंल तुम्ही. लई शेंगा द्यायचा. मग दारात खांबावर दिवा आला. दोन वर्ष शेंग नाही. दिवा गेला, शेंगा आल्या. मी नाही फोडला, भाभी. पण नवा लावायला मानूस आला, त्याला चहा पाजला आणि म्हणलं, पुढच्या गल्लीत लई अंधार आहे."

मी गच्चीकडं बघितलं. रात्री फोकसपुढं टाकीची सावली जिथंवर पडत असणार तिथंवर, म्हणजे फक्त त्या बोळात, तुरा. बाकी सगळ्या वेलावर नुसतीच पानं. खाली येऊन मी मुलींच्या खोलीत गेले. हदगावची मुलगी आमच्याकडची हुशार, क्लासच्या प्रत्येक टेस्टमध्ये पहिल्या पाचांत. तिला विचारलं, "का गं, रात्री उजेड असला तर झाडाला फुलं येत नाहीत, असं काही असतं का?"

तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. बाकीच्या मुली एकमेकींकडं बघायला लागल्या.

"काकू, शॉर्ट डे प्लांट," ती म्हणाली. "काही झाडांना लांब अंधार लागतो. मधे उजेड आला की कळी धरत नाहीत. परवाच टेस्टमध्ये होतं."

"मग? बरोबर आलं का?"

"आलं," ती अगदी हळू म्हणाली. "सगळ्यांचंच आलं."

सहा महिने चौदा मुली त्या वेलाखाली बसून, त्याच फोकसच्या उजेडात, तोच धडा पाठ करत होत्या. मी त्यांना हसणार होते. पण जिन्याकडं नजर गेली, तर वर गच्चीच्या दारात आत्याबाई दिसल्या, डोळ्यांवर पदर घेतलेल्या, भर दुपारी. आणि माझं हसू तिथंच राहिलं. फोकस जिन्याच्या टोपीवर. त्याचं तोंड थेट पत्र्याच्या खोलीकडं. खोलीला दार एकच, आणि हवेसाठी ते उघडंच.

मी वर गेले. "आत्याबाई, रात्री उजेडानं झोप येत नव्हती का तुम्हाला?"

"येती की. थोडी थोडी येती."

"मग सांगितलं का नाही?"

"लेकरं शिकायलीत. त्यांच्या दिव्याला मी कशी म्हनू, इझव म्हनून? आन् तू किती हौसेनं लावलीस." मग त्या म्हणाल्या, "आन् तुमी इचारलंत कुठं? तुमी दोघं तर डाक्टरला भूकंपाचं सांगून आलात. म्हनलं, असंल बाबा."

मी त्या संध्याकाळी फोकसचं बटण बंद केलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली.

हे वाचायला सोपं आहे. मला झोप लागली नाही, आता माझी पाळी होती. हे म्हणाले, "बोर्डाची परीक्षा तोंडावर, आन् आपण दिवा इझवायचा? लोक काय म्हणतील, होस्टेल बंद पडलं?" मी म्हटलं, म्हणू द्या. मुलींना खाली जेवणाच्या खोलीत बसवलं. जेवणं लवकर उरकायची, ताटं उचलायची आणि टेबलं पुसून अभ्यासाला द्यायची. भाजीचा वास पुस्तकांना यायला लागला. एकीनं सांगितलं, तिला आता प्रत्येक आकृतीत कांदा दिसतो. दोघी जणी शेजारच्या अभ्यासिकेवाल्या होस्टेलात निघून गेल्या. त्यांच्या गाद्या जिन्यातून उतरताना मी बघितल्या आणि चिकटपट्टीवर दुसरी चिकटपट्टी लावली.

शिवाय रस्त्यावरच्या क्लासच्या पाटीचा थोडा उजेड गच्चीच्या कोपऱ्यावर यायचा. त्या बाजूला मी लग्नात आलेल्या, कधीच न नेसलेल्या साड्या शिवून पडदा बांधला. आहेराच्या साड्या कशासाठी असतात, याचं उत्तर मला पंचवीस वर्षांनी मिळालं.

पंधरा दिवस काही नाही. रोज सकाळी मी चष्मा लावून एकेक शेंडा बघायची. आत्याबाई खोलीच्या दारातून विचारायच्या, "काय म्हनतोय?" मी म्हणायची, "विचार करून राहिलाय." एका सकाळी मात्र मी वर गेले तर आत्याबाई झोपलेल्या होत्या. ऊन पत्र्यावर आलं होतं, खाली दूधवाला ओरडून गेला होता आणि त्या कुशीवर वळून, तोंड किंचित उघडं ठेवून, घोरत होत्या. पदर डोळ्यांवर नव्हता. मी शेंडे न बघताच खाली आले.

मार्गशीर्ष संपता संपता हदगावच्या मुलीचे वडील आले. कापूस-सोयाबीनवाले, डोक्याला रुमाल. मुलीनं फोनवर काय सांगितलं कोण जाणे. दारातूनच म्हणाले, "ताई, वरचा दिवा काहून बंद हाय? मी पोरीला त्या दिव्यापायी ठेवली इथं."

मला खोटं सांगता आलं असतं की बिघडलाय. मी त्यांना गच्चीवर नेलं. सगळं सांगितलं, वेलाचं, भोगीचं, बोचक्याचं.  ते वेलाच्या खाली उकिडवे बसले आणि पान उलटं केलं. मी चष्म्यातून रोज बघत होते तिथंच, बोटाच्या पेराएवढं काहीतरी उभं होतं. मला तो कोवळा फाटा वाटला होता.

"कळी धरली ना, ताई. बगा, हे काय. आन् हे. हे बी." ते उभे राहिले आणि रुमाल झटकला. "आता दिवा लावू नका भोगीपत्तर. पोरगी खाली बसू द्या. जेवणाच्या टेबलावर बसून कोणी नापास नाही होत." जिना उतरताना मागं वळून म्हणाले, "बी धरलं तं चार बिया पाठवा तिच्यासंगं."

तुरे आले. मग माव्याची कीड आली. काळा मावा त्या कोवळ्या तुऱ्यांवर असा बसला, जणू त्यालाही क्लासला जागा मिळाली होती. आत्याबाईंनी चुलीची राख मागितली. चूल कुठली आमच्याकडं? चाचांच्या घरून राखेचा डबा आला. पहाटे दव असताना, पातळ फडक्यातून, आत्याबाई राख झटकायच्या आणि मी खुर्ची धरून उभी राहायची. बोचकं अजून कोपऱ्यात बांधलेलंच होतं. ते मी रोज बघत होते आणि मी बघते हे त्या बघत होत्या.

भोगीच्या सकाळी आम्ही दोघी वर गेलो. खाली बाकी सगळं तयार होतं. वांगी, गाजर, हरभरा, बोरं, तीळ कुटलेला, बाजरीच्या भाकरीचं पीठ. मंडईत वालाच्या शेंगा ढिगानं होत्या. ह्यांनी आदल्या दिवशी पाव किलो आणून फ्रिजमध्ये मागं लपवल्या होत्या. आईसाठी पहिल्यांदाच एवढं धाडस. मी त्या शेजारी देऊन टाकल्या.

वेलाला शेंगा होत्या. बोटभर लांब, जांभळ्या कडेच्या, अजून पातळ. सगळ्या मिळून ओंजळ भरली नाही. आत्याबाईंनी एकेक हातात घेऊन, वाकवून बघितली. कोवळ्या होत्या त्या तोडल्या. शेवटचा तुरा टाकीमागच्या बोळातला, तोच पहिला तुरा. त्याच्या शेंगा सगळ्यात मोठ्या, दाणा भरायला लागलेला. मी हात घातला, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली.

"त्याला न्हाई हात लावायचा. ते बियाला."

कोपऱ्यातलं बोचकं त्यांनी सोडलं. त्यातून जुनं लुगडं काढलं, त्याची चिंधी टरकावली आणि बोळातल्या शेंगांच्या देठाला बांधली, बियाला राखलेल्या शेंगेला बांधतात तशी. "फागुनापत्तर वाळू दे. त्या पोरीच्या बापाला चार द्यायच्यात. वेल्डिंगवाल्याला चार. बाकीच्या मृगात हितं." मग चिंधीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. "आन् पोरींना सांग, ही तोडली तर मी त्यांना पास होऊ देत न्हाई."

भाजी झाली. शेंगा इतक्या थोड्या की वाटीत शोधाव्या लागत होत्या. बारा मुली, आम्ही तिघं आणि चाचांच्या घरी पाठवलेली एक वाटी. मुलींपैकी एकीला शेंग सापडली की ती ओरडायची, जणू निकाल लागला. आत्याबाईंनी आपल्या ताटातली शेंग शेवटपर्यंत बाजूला ठेवली होती. सगळ्यांचं झाल्यावर ती खाल्ली, सावकाश, आणि पाणी प्यायल्या.

"मीठ कमी पडलंय," त्या मला म्हणाल्या. "उद्यापासनं भाजी मी बघते."